सुट्टीतलं संशोधन

एक मूळ संख्या मनात धरा आणि तिच्या लगेच आधीच्या तीन संख्यांचा गुणाकार करा. ११ धरली तर १०×९×८ = ७२०. १३ धरली तर १२×११×१० = १३२०. १७ धरली तर १६×१५×१४ = ३३६०. या तिन्ही उत्तरांना २४ ने निःशेष भाग जातो. दुसरी कोणतीही मूळ संख्या घेतली तरी जातोच. कारण कागदावर चार ओळींत मांडता येतं. लागोपाठच्या तीन संख्यांत एक तरी ३ च्या पाढ्यातली असते. २ सोडली तर सगळ्या मूळ संख्या विषम, म्हणून त्यांच्या आधीच्या तीन संख्यांत दोन लागोपाठच्या सम संख्या येतात. त्यांपैकी एकीला ४ ने भाग जातो, म्हणजे गुणाकाराला ८ ने जातो. ३ आणि ८ मिळून २४ झाले. २ आणि ३ या दोन संख्यांसाठी गुणाकार शून्य येतो, तिथेही अडचण नाही.

आता मूळ संख्येची अट काढून टाका. कोणत्याही तीन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार घेतला तर २४ ची हमी उरत नाही, ६ ची उरते. चार संख्यांच्या गुणाकाराला २४ ची, पाचांच्या गुणाकाराला १२० ची. ६, २४, १२० ही शाळेत शिकलेली क्रमगुणितं आहेत: ३!, ४!, ५!. मग एक प्रश्न साहजिक उभा राहतो. सगळ्या पूर्णांकांचं तिसरं क्रमगुणित ६ असेल, तर फक्त मूळ संख्यांचं तिसरं क्रमगुणित २४ आहे, असं म्हणता येईल का? वर्गसंख्यांचं काय? संख्यांचा कोणताही संच घेतला तर त्याला स्वतःची क्रमगुणितं असतात का?

असतात. या प्रश्नावर काम करणारा मंजुल भार्गव तेव्हा हार्वर्डमध्ये पदवीचं शिक्षण घेत होता. हे काम त्यानं १९९५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डलुथ नावाच्या गावी केलं. एखादी बहुपदी घ्यायची, तिच्या सहगुणकांना सामाईक विभाजक नसेल एवढं पाहायचं, संचातली एकेक संख्या तिच्यात घालत जायचं आणि येणाऱ्या सगळ्या किमतींचा मसावि काढायचा. ठरावीक घातांकाच्या बहुपदींसाठी हा मसावि जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो, ती संख्या म्हणजे त्या संचाचं तेवढ्या क्रमांकाचं क्रमगुणित. मूळ संख्यांसाठी ही मालिका, शून्याव्या क्रमगुणितापासून मोजत, १, १, २, २४, ४८, ५७६० अशी चालते. पूर्णांकांपुरता हा विचार पोल्या या गणितज्ञांनी १९१५ मध्ये केला होता. भार्गवनं तो कोणत्याही संचाला लागू होईल असा उलगडला, आणि तोही एका सोप्या निवडीच्या खेळातून. त्याचा शोधनिबंध १९९७ मध्ये ‘क्रेल’ या जर्मनीतल्या जुन्या, मानाच्या गणित-नियतकालिकात छापला गेला. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठीचं मॉर्गन पारितोषिक त्याला १९९६ मध्ये मिळालं, आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक.

भार्गवनं काही प्रश्न मोकळे सोडले होते. त्यांपैकी एक काही वर्षांनी त्याच डलुथमध्ये मेलनी वुड या पदवीच्या विद्यार्थिनीनं हाती घेतला आणि महत्त्वाच्या एका बाबतीत सोडवला. तिचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीचं मॉर्गन पारितोषिक तिला मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. एका विद्यार्थ्यानं सोडलेला धागा दुसऱ्या विद्यार्थिनीनं पुढे नेला, आणि दोघांचंही तेव्हा पदवीचं शिक्षण चालू होतं.

डलुथमध्ये काय घडतं

डलुथचा हा उपक्रम जोसेफ गॅलियन यांनी १९७७ मध्ये सुरू केला. देशभरातून निवडलेले मोजके विद्यार्थी उन्हाळ्यात एकत्र राहतात. प्रत्येकाला स्वतःचा स्वतंत्र प्रश्न मिळतो. प्रश्न निवडणं हे गॅलियन यांचं खरं कसब. तो न सुटलेला हवा, नाहीतर ते संशोधन होत नाही. तो समजायला दोन वर्षांचा अभ्यास लागता कामा नये, कारण हाताशी उन्हाळाच तेवढा आहे. त्यात लहान उदाहरणं करून पाहायला वाव हवा, म्हणजे पहिल्या आठवड्यात विद्यार्थी रिकाम्या हातानं बसत नाही. शिवाय पूर्ण प्रश्न सुटला नाही तरी एखादा तुकडा सुटावा आणि तो तुकडाही सांगण्याजोगा असावा. असे प्रश्न शोधण्यासाठी मार्गदर्शकाला वर्षभर ताजे निबंध वाचत राहावं लागतं. मार्गदर्शकाचं निम्मं काम विद्यार्थी येण्याआधीच झालेलं असतं.

विद्यार्थी आल्यावर दर आठवड्याला प्रत्येकानं आपलं काम इतरांसमोर मांडायचं असतं. आदल्या वर्षांचे विद्यार्थी सल्लागार म्हणून परत येतात. कालपरवापर्यंत आपल्याच जागी बसलेला कोणीतरी आज समोर बसून ऐकतो आहे, ही गोष्ट अठरा-वीस वर्षांच्या मुलाला मोठा धीर देते. आपण हुशार नसल्यामुळे अडकलो, असं त्याला वाटत असतं. अडकणं हा या कामाचा नेहमीचा भाग आहे, हे ज्यानं स्वतः अनुभवलं आहे त्यानं सांगितलं तरच ते पटतं.

वर्गात सोडवलेल्या गणिताला उत्तर असतंच, हे विद्यार्थ्याला आधीपासून माहीत असतं. पुस्तकाच्या शेवटी ते छापलेलं असतं, निदान सरांच्या वहीत तरी असतं. संशोधनात ही खात्री नसते. प्रश्न चुकीचा असू शकतो, पद्धत अपुरी असू शकते, उत्तर दुसऱ्या कोणी तीस वर्षांपूर्वी काढलेलं असू शकतं. या अनिश्चिततेत रोज सकाळी उठून कामाला बसणं हे एक कौशल्य आहे. ते व्याख्यान ऐकून येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, खऱ्या प्रश्नावर, पुरेसा वेळ काम केल्यावरच ते येतं. प्रयोगशाळेतही असंच घडतं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला उत्तर ठरलेलं असतं आणि जर्नलमध्ये ते जुळवून घेण्याचा मोह होतो. संशोधनात मोजमाप अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की खरं काम तिथून सुरू होतं: उपकरण बिघडलं, नमुना अशुद्ध होता, की निसर्ग काही नवं सांगतो आहे?

पैसे कशासाठी

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी सरकारी पैसा मिळू लागला तो स्पुटनिकनंतर. सोव्हिएत संघानं ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची काळजी वाटू लागली. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं १९५८ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सहभागी करून घेणारी योजना राबवली. १९६९ मध्ये एमआयटी या संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी वेगळी वाट काढली. पहिल्या वर्षापासून कोणत्याही विद्यार्थ्यानं कोणत्याही प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जावं आणि त्या कामाबद्दल त्याला मोबदला किंवा श्रेयांक मिळावेत, अशी ती सोय होती. त्यामागची प्रेरणा पोलरॉइड कॅमेऱ्याचे निर्माते एडविन लँड यांची. त्यांनी १९५७ मध्येच एमआयटीतल्या भाषणात असा आग्रह धरला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रतिष्ठानची योजना बंद पडली. पण १९८६ मध्ये होमर नील यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पदवीच्या विज्ञानशिक्षणाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवलं, आणि १९८७ पासून ‘आरईयू’ नावाची योजना सुरू झाली. आज ‘आरईयू’ म्हटलं की तिकडे सगळ्यांना कळतं: एका ठिकाणी साधारण दहा विद्यार्थी, आठ ते दहा आठवडे, प्रत्येकाला एक मार्गदर्शक आणि एक प्रकल्प, शिवाय विद्यावेतन, राहण्याची सोय आणि प्रवासखर्च. हा सरकारी पैसा अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना हे दार उघडं आहे. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यांना मात्र विद्यापीठाचा स्वतःचा निधी शोधावा लागतो.

या योजनेत विद्यावेतन कशासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा. शिकायला मिळतं आहे, मग वर पैसे का? त्याचं उत्तर विद्यार्थ्याच्या घरात सापडतं. उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यांना सारखी नसते. कोणाला ती मोकळी मिळते. कोणाला त्या दोन महिन्यांत पुढच्या वर्षाची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे जमवायचे असतात. कोणी गावी जाऊन शेतात राबतो, कोणी दुकानात उभा राहतो, कोणी शिकवण्या घेतो. बिनपगारी संशोधनाची संधी दोघांसमोर ठेवली तर ती पहिलाच घेणार, आणि पुढे निवड समिती त्याचाच ‘अनुभव’ पाहून त्यालाच पुढची संधी देणार. विद्यावेतनामुळे दुसऱ्यालाही ते दोन महिने मोकळे मिळतात. विद्यार्थ्याचा वेळ विकत घेऊन तो त्यालाच परत देण्याची ही व्यवस्था आहे.

आपल्याकडचंच उदाहरण पाहू. १९२८ च्या उन्हाळ्यात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर कलकत्त्याला रामन यांच्या प्रयोगशाळेत राहिला. रामन परिणामाचा शोध लागून जेमतेम काही महिने झाले होते. त्याच वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले. चंद्रशेखर त्यांना जाऊन भेटला. तू शिकलेला पुंजसिद्धांत आता जुना झाला आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि अजून प्रसिद्ध न झालेल्या आपल्या निबंधाची मुद्रितं त्याच्या हातात ठेवली. त्या मुद्रितांतून नवी सांख्यिकी शिकून त्यानं लिहिलेला निबंध १९२९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा त्याची पदवी पूर्ण व्हायची होती. पुढे १९८३ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

चंद्रशेखर यांची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. पण रामन त्यांचे सख्खे काका होते आणि वडील सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते, हेही खरं. त्या उन्हाळ्यात घरासाठी कमावण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, आणि देशातल्या सर्वोत्तम प्रयोगशाळेचं दार नात्यानं उघडलं. तितक्याच बुद्धीच्या, पण असे काका नसलेल्या किती मुलांची नावं आपल्याला कधीच कळली नाहीत? चंद्रशेखरांना नशिबानं जे मिळालं ते इतरांना व्यवस्थेनं मिळावं, हाच सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विद्यार्थी-संशोधनाचा सगळा अर्थ आहे.

आपल्याकडची दारं

अशी व्यवस्था भारतात उभी राहिली, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू केली. तिच्यातून निवडलेल्या बीएस्सीच्या विद्यार्थ्याला महिना ५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळत. २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. इन्स्पायरची शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेणारे विद्यार्थी तिला पात्र ठरतात. यातले ६०,००० थेट हाती येतात आणि उरलेले २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन-प्रकल्पासाठी राखलेले असतात. मार्गदर्शक शोधायचा, प्रकल्प करायचा, अहवाल द्यायचा, मग ते पैसे मिळतात. या २०,००० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी, बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. विद्यार्थ्याला देशातल्या एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे. पुण्यात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात खगोलशास्त्रासाठी असाच कार्यक्रम चालतो. याच केंद्राची महादुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिनं टिपलेली निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना वापरता येतात. म्हणजे एखाद्या दूरच्या दीर्घिकेचा अभ्यास करायला विद्यार्थ्याकडे दुर्बीण नसली तरी चालते. संगणक लागतो, चिकाटी लागते आणि ती निरीक्षणं वाचायला शिकवणारा कोणीतरी लागतो.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम २००४ मध्ये सुरू झाला. बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांना बोलावून, नंतर सुट्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा बोलावून, वर्ष-दोन वर्षं एकच प्रकल्प करायला लावणं ही त्याची खासियत. दोन महिन्यांत जे रुजत नाही ते असं परत परत येण्यानं रुजतं. गणितात एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस हा उन्हाळी वर्ग सुरू केला, तेव्हा ते मुंबई विद्यापीठात शिकवत होते. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशावर चाललेल्या या वर्गात प्रत्यक्ष संशोधन होत नाही. तिथे शिक्षक सारखे प्रश्न विचारत राहतात आणि पाठांतरावर वाढलेल्या मुलाला पहिल्यांदाच स्वतः सिद्धता रचावी लागते. संशोधनाच्या उंबरठ्यापर्यंत नेणारी ही तयारी आहे.

या बहुतेक ठिकाणचे अर्ज हिवाळ्यात मागवले जातात, सत्र परीक्षांच्या धामधुमीत. तालुक्याच्या कॉलेजातल्या एसवायच्या मुलाला ही बातमी पोहोचते तेव्हा अनेकदा मुदत संपलेली असते. म्हणून प्रत्येक कॉलेजात एका शिक्षकानं तरी हे वेळापत्रक भिंतीवर लावावं. खर्च शून्य, आणि एखाद्याचं आयुष्य बदलू शकतं.

बॅच बदलते, प्रश्न टिकतो

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीनं कसं ठरवायचं, हा फार जुना प्रश्न. मेरुप्रस्तारातून, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणातून, त्याची एक कसोटी निघते. सगळ्यात वरचा एकटा एक ही शून्यावी ओळ धरली, तर पाचव्या ओळीत कडेचे एक सोडून ५, १०, १०, ५ येतात. सगळ्यांना ५ ने भाग जातो, म्हणून ५ मूळ. चौथ्या ओळीत ४, ६, ४ येतात. ६ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून ४ मूळ नाही. कसोटी अचूक आहे, पण शेकडो अंकी संख्येसाठी एवढी मोठी ओळ लिहिणं अशक्य. आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल ही ओळ आखूड करण्याचा मार्ग शोधत होते. २००१ मध्ये बीटेकच्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी त्यावर प्रकल्प केला. २००२ मध्ये नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या पुढच्या दोघांनी तो तिथून उचलला. पदवी हातात पडल्यावर त्याच उन्हाळ्यात अग्रवालांबरोबर त्यांनी उत्तर गाठलं आणि ऑगस्टमध्ये ते जगासमोर आलं. हा निबंध २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापला गेला आणि २००६ मध्ये तिघांना ग्यॉडेल पारितोषिक मिळालं.

उपग्रह बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनाही याच वाटेनं जावं लागलं. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये इस्रोनं अवकाशात सोडला. आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम. असा उपग्रह एका बॅचकडून पुरा होत नाही. सुरू करणारे कधीच पास होऊन गेलेले असतात, आणि उड्डाण पाहणाऱ्यांनी तो मधूनच हाती घेतलेला असतो. विद्यार्थी येतात-जातात, म्हणून प्रश्न सांभाळणारं कोणीतरी जागेवर टिकावं लागतं.

अशा अनुभवांचा उपयोग किती, याचा अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये त्याचा आढावा घेतला. विज्ञानात टिकून राहण्याची इच्छा आणि आत्मविश्वास वाढतो, आणि ज्या समाजगटांना विज्ञानाचं क्षेत्र परकं वाटत आलं त्यांना विशेष फायदा होतो, असं चित्र त्यातून दिसतं. पण मुळात हौशी विद्यार्थीच अशा कामाकडे वळतात, म्हणून फायद्यातला किती वाटा अनुभवाचा आणि किती मूळच्या आवडीचा, हे वेगळं काढणं अवघड, हेही त्या आढाव्यात सांगितलं आहे. यातूनही एक शहाणपण मिळतं. फक्त वरचे गुण पाहून निवड केली, तर जे आधीच पुढे आहेत त्यांनाच आपण आणखी पुढे ढकलतो. निवड करताना कुतूहल आणि चिकाटी पाहावी, आणि ज्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा अपुरी आहे त्याचा विचार आधी करावा.

महाराष्ट्रात हा विचार करण्याची वेळ आता आली आहे. नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं, आणि त्याला १२ श्रेयांकांचा प्रकल्प करावा लागतो. श्रेयांकांनी वेळापत्रकात जागा मिळते. प्रश्न, मार्गदर्शक, रसायनं आणि खोलीभाडं त्यांनी मिळत नाही. ते दिलं नाही, तर इंटरनेटवरून उतरवलेले अहवाल कडक पुठ्ठ्यात बांधून कपाटात जातील आणि संशोधन म्हणजे हेच, असं एक अख्खी पिढी समजेल.

यातलं बरंचसं आपल्या हातात आहे. शिक्षकांनी दरवर्षी एकच न सुटलेला, पण आवाक्यातला प्रश्न शोधून ठेवावा: गावातल्या विहिरींच्या पाण्याचा, ओढ्याकाठच्या चतुरांचा, एखाद्या संख्यामालिकेचा. पहिल्या बॅचनं वही लिहावी आणि दुसरीनं ती पुढे न्यावी. पालकांनी सुट्टीतल्या या दोन महिन्यांना ‘नोकरीला उपयोग काय’ हा एकच निकष लावू नये. आणि ज्यांच्या हाती चार पैसे आहेत त्यांनी आपल्या कॉलेजाकडे वळून पाहावं. आई-वडिलांच्या नावानं पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक देण्याची आपली परंपरा मोठी आहे आणि तिच्यामागचा भाव खरा आहे. पण पारितोषिक झालेल्या कामाचा गौरव करतं, आणि विद्यावेतनामुळे एरवी न होणारं काम होतं. इन्स्पायर एका उन्हाळ्यासाठी २०,००० रुपये राखून ठेवतं. एखाद्या कॉलेजाच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं मिळून दरवर्षी अशा पाच उन्हाळ्यांचे पैसे उभे केले, तर पाच मुलं शेतावर, दुकानात, शिकवणीत जाण्याऐवजी एका खऱ्या प्रश्नासमोर बसतील. त्यांतला एखादा शास्त्रज्ञ होईल, एखादी शिक्षिका होईल. पाचही जण ‘हे तुला कशावरून कळलं?’ असं निर्भयपणे विचारणारे नागरिक होतील, आणि त्यांची आपल्याला शास्त्रज्ञांइतकीच गरज आहे.